माय, तुले ऐकू येते काय?

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना तुम्ही म्हणाल, पोरीनं लपवलं. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी आहे, आणि मला नसलेले आवाज ऐकू येतात. दोन्ही खरं आहे. एकामुळे दुसरं झालेलं नाही. आमच्या निम्म्या गावाचं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच.

ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्याहून जास्त त्या पेशंटसाठी, जो हे दाराआड उभं राहून वाचत असेल. बाबा रे, बाई गं, पुढे ये. उजेडात वाच.

भोंगा

आमच्या संघटनेचं काम म्हणजे एक रिक्षा, रिक्षावर भोंगा आणि भोंग्यातून माझा आवाज. एकदा रेकॉर्ड केलं की मेडशीपासून शिरपूरपर्यंत तेच वाजत फिरायचं. "बंधू-भगिनींनो, भगताकडे जाऊ नका, दवाखान्यात जा. आपणास नम्र विनंती." बाजारात उभी असले तरी माझाच आवाज माझ्या अंगावरून निघून जायचा. मला त्याची सवय झाली होती.

म्हणून पहिल्यांदा तो रिक्षा नसताना वाजला तेव्हा मला काही वाटलंच नाही. मी किन्हीराजातल्या आमच्या अंगणात तूर पाखडत होते. भर दुपार होती. गावाच्या वेशीकडून भोंगा आला.

"बंधू-भगिनींनो, वैशाली तूर पाखडत आहे."

मला हसू आलं. वाटलं, पोरांनी मस्करी केली.

"वैशाली हसली," भोंगा म्हणाला.

सूप हातातून पडलं. भोंग्यानं तेही सांगितलं.

लोकांना वाटतं, असे आवाज किंचाळतात. माझा कधीच किंचाळला नाही. तो नम्र होता. "आपणास नम्र विनंती आहे की वैशालीवर विश्वास ठेवू नये." लांबून यायचा, टेकडीला आपटून परत यायचा. मी खिडक्या लावल्या, फटींत पत्रकांचे गठ्ठे कोंबले. जेवण सोडलं, कारण मी घास घेतला की सगळ्या तालुक्याला कळत होतं.

निदान

बाबांनी मामाची गाडी मागवली आणि मायला बरोबर घेऊन मला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई होत्या. घरी सगळे मला विचारत होते, "खरंच आवाज येते काय?" या बाईंनी तसं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "आत्ता काय सांगतोय?"

मी म्हटलं, "सांगतोय की डॉक्टरीणबाई पेन शोधत आहेत."

त्या खरंच शोधत होत्या. पेन त्यांच्या अंबाड्यात खोचलेलं होतं. आम्ही तिघी हसलो: त्या, मी आणि माय. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव मी पत्रकात कितीदा तरी छापलं होतं, ठळक अक्षरांत. "मानसिक आजार हा आजार आहे, शाप नव्हे." दुसऱ्याच्या दारात सरकवताना ते वाक्य किती हलकं असतं!

मायनं एकच प्रश्न विचारला. "हिचं लगन होईन काय?"

मी तेव्हा तिच्यावर इतकी चिडले की नर्सला आत यावं लागलं. आता कळतं, तिला एवढाच एक प्रश्न विचारता येत होता. बाकीच्या प्रश्नांना तिच्याकडे शब्दच नव्हते. आपण ते कधी कुणाला दिलेच नाहीत.

वॉर्डात सकाळी चहा, मग गोळी, मग "आ करा, जीभ वर करा." दुपारी गोळी, जीभ वर. माझ्या शेजारची बाई दिवसभर एकच काच पुसायची. एक सिस्टर होत्या, त्या ड्यूटी संपली तरी थांबून माझी वेणी घालायच्या. कुणीही माझ्या केसांना हात लावायला धजत नव्हतं त्या दिवसांत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, पण वेणी घालताना अजून मला त्यांची बोटं आठवतात.

आणि एका सकाळी भोंगा थांबला.

खरं सांगते, भीती तेव्हा जास्त वाटली. मी काय करते आहे ते कुणी सांगेचना. रिकाम्या घरात उभं राहावं तसं. मग मीच हळू आवाजात म्हटलं, "वैशाली पाणी पिते." आणि पाणी प्यायले.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी मायला बजावल्या. रोजची गोळी चुकता कामा नये, आणि पोरीची झोप मोडता कामा नये. यातलं एक जरी सुटलं तर आवाज परत येईल. गोळी मायनं स्वतःच्या हातानं द्यायची. तेव्हापासून रोज जेवण झालं की मायचा तळहात माझ्यासमोर यायचा, आणि त्यावर छोटी पांढरी गोळी. मी गोळीकडे कधी पाहिलं नाही. तळहाताकडे पाहायचे.

तिसरा नियम आम्ही दोघींनी काढला. काही ऐकू आलं आणि शंका आली, की विचारायचं, "माय, तुले ऐकू येते काय?" ती म्हणायची "येते" किंवा "नाई येत." येत असेल तर ते जगात आहे. नसेल तर ते माझ्यात आहे. आमच्याकडे तेवढाच तराजू होता.

कोलीत

गावानं निकाल आधीच दिला होता. "लोकायचे देव काढे, आता देवीनं तिलेच धरलं." हे माझ्या तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं. मी नळावर गेले की बोलणं थांबायचं, एवढंच.

त्याहून वाईट आमच्या संघटनेनं केलं. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वैशाली, थोडे दिवस तुझं नाव बाहेर येऊ देऊ नको. रेकॉर्डिंगही दुसऱ्या मुलीच्या आवाजात करून घेतलंय. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं?"

म्हणजे दुनियेला सांगायचं "लपवू नका", आणि आपलं माणूस आजारी पडलं की झाकून ठेवायचं. सर, मी कोलीत नाही. तेव्हा बोलता आलं नाही, गोळ्यांनी जीभ जड झाली होती. म्हणून इथे बोलले.

काय सोडलं?

मायनं नवस केला होता. दवाखान्याच्या बाहेरच्या ओट्यावर बसून, मी आत असताना. पोरगी बरी झाली तर नवरात्रात तिला घेऊन पायी माहूरगडला येईन.

मी तिला भाषण दिलं. ती भाकरी थापत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तुये सारे पत्रकं मी आयकले, वैशे. माह्या घरात बसून तू मलेच वाचून दाखवत होती. आता तू माह्यासंगं चाल."

 डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "जा की. चालणं चांगलं. बूट घाल, पाणी पी, झोप मोडू नको. आणि गोळी." मी मनाशी ठरवलं, मी देवीकडे जात नाही, मायबरोबर जाते.

आमच्या गल्लीतून दरवर्षी बाया निघतात. पुढारी गोकर्णामावशी. आमचं घर आणि तिचं घर भिंतीला भिंत. या चालण्यात रीत अशी, की प्रत्येकीनं काहीतरी सोडायचं. गडावर पोचेपर्यंत कुणी मीठ सोडतं, कुणी चहा, कुणी वहाणा. जितकी लाडकी वस्तू सोडली तितका नवस खरा.

निघताना मावशीनं हजेरीसारखं विचारलं. माझी पाळी आली.

"तू काय सोडलं वो, वैशे?"

"मावशी, लोकांनी मले सोडलं. मी अजून काय सोडू?"

बाया खळाळून हसल्या. "जीभ तं नाही सोडली पोट्टीनं," मावशी म्हणाली. मग मायकडे वळली. "सुमन, तू?"

"मीठ आन वहाणा," माय म्हणाली. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. पण तिनं पदर सारखा केला आणि ओटीचं गाठोडं उचललं. देवीसाठी खण, नारळ, तांदूळ घरूनच बांधून घेतात आणि ती गाठ गडावरच सोडतात. माय ते गाठोडं काखेत घेऊन चालायची. मी म्हटलं, दे इकडे, मी धरते. तिनं दिलं नाही.

वाट

शेलूबाजारपर्यंत मी खुशीत होते. उन्हं होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून ढीग लावलेले. बाया गाणी म्हणत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत चालल्या होत्या. चहाच्या टपरीवर एका चाचानं आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. "देवीच्या पाहुण्या हायेत," म्हणाला, "फक्त वापस येतानी बी इथूनच जा, नाईतर मी समजीन का चाय बेकार होती." कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणी सरळ बोललं. मी दोन कप प्यायले.

मग झोप गेली. आधी वाटलं, नवी जागा, पाय ठणकतात म्हणून. दुसऱ्या मुक्कामाला डोळे मिटले तरी आत उजेडच. तिसऱ्या मुक्कामाला मी ते मिटायचंही थांबवलं. पण रोजचा तळहात समोर येत होता, त्यावर पांढरी गोळी होती, मी गिळत होते. मग भीती कशाची?

मंगरूळपीर मागे टाकलं आणि रस्ता मानोऱ्याकडे वळून चढू लागला. दोन्ही बाजूंना माळ, मोठे विजेचे टॉवर आणि कुठेतरी, दिसत नव्हतं तिथे, सोयाबीनचं मळणी यंत्र चालू. त्याची घरघर हवेत एकसारखी भरून राहिली होती. बारा वाजले असतील. सावल्या पायाखाली गेलेल्या. त्या घरघरीच्या आतून, यंत्र श्वास घेतं तेवढ्या फटीतून, मला माझा आवाज ऐकू आला.

"बंधू-भगिनींनो, वैशाली चालत आहे."

मी थांबले.

"वैशाली थांबली."

 मी नियम आठवला. मायचा हात धरला. "माय, लांबून भोंगा वाजते. तुले ऐकू येते काय?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "येते न. कुठीतरी वाजून राह्यला असन."

मी सुटले. म्हणजे खरा आहे. जगात आहे. एखादी रिक्षा असेल टेकडीपलीकडे. पण रिक्षा टेकडीपलीकडून येईना, आणि भोंगाही मागे राहीना. दर वळणावर मी विचारायचे, "आता बी येते?" आणि माय म्हणायची, "येते." भोंगा म्हणत होता, "वैशालीची आई तिला सांभाळत आहे." आणि माय म्हणत होती, तिला ते ऐकू येतं.

मग मी काय समजायचं? तुम्हीच सांगा. ज्या तराजूवर जग मोजायचं तोच म्हणतो आहे की भोंगा खरा आहे. मी मान्य केलं. टॉवरकडे पाहून मी हळूच उत्तरं द्यायला लागले.

तिथून बायांचं वागणं बदललं. आधी माझ्या बरोबरीनं चालणाऱ्या बाया मागे चालू लागल्या. मी वळून पाहिलं की गाणं थांबायचं. माझ्या पुढे कुणी जाईना. मी बसले की सगळ्या बसायच्या. एकदा मागे पाहिलं तर एक म्हातारी वाकून माझ्या पावलाच्या ठशातली माती चिमटीत घेत होती. तिनं ती कपाळाला लावली. माझ्याकडे पाहून ती हसली नाही.

मुक्कामाच्या शाळेत मी दुपारी भिंतीला टेकून बसले, बूट काढून बाजूला ठेवले. डोळा लागला नव्हता, फक्त मिटला होता. उघडला तर बूट जागेवर नव्हते. शोधलं. वर्गाच्या कोपऱ्यात पाट मांडला होता, पाटावर माझे चिखलाचे बूट, त्यांना हळद-कुंकू वाहिलेलं, आणि नाड्यांमध्ये झेंडूचं फूल.

"हे काय लावलंय?" मी ओरडले.

 गोकर्णामावशी, जी मला लहानपणी पाठीत धपाटे घालायची, ती हात जोडून उभी होती. "तुमीच सांगा, काय लावलं ते," ती म्हणाली.

तुमी. मला. माझ्या अंगावर काटा आला तो भोंग्यानं कधी आणला नव्हता.

चिंचेखाली

मानोऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मोठी चिंच आहे, खाली शेंदूर लावलेले दगड. बाया म्हणाल्या, ऊन उतरेपर्यंत थांबू. सतरंजी अंथरली आणि मला एकटीला तिच्यावर बसवलं. आजूबाजूच्या वस्तीतले लोक आधीच जमले होते. आम्ही पोचायच्या आत बातमी पोचली होती.

एक बाई पुढे आली. बरोबर तिची मुलगी, सोळा-सतराची, ओढणी घट्ट कानांवरून बांधलेली. नाव कोमल. बाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"आई," ती मला म्हणाली, "माह्या पोरीले बी आवाज येतात. यवतमाळच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत. पण आयकलं का तुमच्या मायनं नवसात तुमच्या गोळ्या सोडल्या, आन तवाच तुमच्या अंगात आलं. तं मी बी सोडू काय हिच्या?"

जवळच्या शेतातलं मळणी यंत्र बंद पडलं. की मलाच ऐकू येईना, कोण जाणे.

मी मायकडे पाहिलं. माय स्वतःच्या अनवाण्या पायांकडे पाहत होती.

मीठ. वहाणा. आणि माझ्या गोळ्या.

सगळ्यांना माहीत होतं. मायनं वाटेत बायांना सांगितलं असणार, आणि बायांकडून ते चिंचेखालच्या लोकांना, त्या मुलीच्या आईला कळलं. फक्त मला नव्हतं. रोज तळहातावर जी गोळी येत होती ती मायच्या पित्ताची होती. आणि टेकडीपलीकडून वाजणारा भोंगा तिला कधी ऐकू आलाच नव्हता.

"वैशालीला आता कळलं," भोंगा म्हणाला. चिंचेच्याच पानांतून. "बंधू-भगिनींनो, वैशाली आता हो म्हणेल."

कोमल आईच्या बाजूला वाकली होती. माझ्या पायाला हात लावायच्या निमित्तानं तिनं तोंड जवळ आणलं आणि कुजबुजली, "तुमचा कोन हाये? माहा मास्तर हाये. हजेरी घेते."

"माझा भोंगा आहे," मी म्हटलं.

"मी हजर म्हनलं नाई तं मास्तर लय रागावते." मग थोडं थांबून, "तुमचा आता काय म्हनते?"

"म्हणतो, मी हो म्हणणार."

"मंग?"

त्या पोरीचे डोळे मी विसरणार नाही. ती देवीला विचारत नव्हती. ती तिच्यासारख्याच एकीला विचारत होती.

एक क्षण मला मोह झाला, तो सांगते. एकच वाक्य बोलायचं, फक्त देवीच्या तोंडून: "पोरीच्या गोळ्या चालू ठेव, कधी बंद करू नको." त्या बाईनं जन्मभर पाळलं असतं. इतकी वर्षं पत्रकं वाटून जे झालं नाही ते एका वाक्यात झालं असतं. पण उद्या दुसऱ्या झाडाखाली दुसरी कुणी बसेल आणि म्हणेल, बंद कर. ज्या तोंडाचं ऐकून गोळी चालू होते त्याच तोंडाचं ऐकून ती बंद होते.

मी उभी राहिले. "ऐका. मी देवी नाही. माझ्या अंगात काही आलेलं नाही. मी पेशंट आहे. माझी गोळी बंद झाली म्हणून माझा आजार उलटला."

मागून एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "देवी असंच म्हनते. मी नाई म्हनून."

आणि बायांनी उदो उदो सुरू केलं.

आता करा काय करायचं ते! मी नाकारते आहे तोच पुरावा. मी जितकी ओरडेन तितकी देवी खरी. माझ्या सगळ्या पत्रकांमध्ये याचं उत्तर कुठेच छापलेलं नव्हतं. भोंगा म्हणाला, "वैशाली एकटी आहे," आणि या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

मी मायजवळ गेले. "माय, गोळ्या कुठे आहेत?"

तिनं काखेतलं गाठोडं छातीशी धरलं. "ओटीत बांधल्या," ती पुटपुटली. "देवीच्या पायावर ठेवनार होतो. म्हनलं, माये, हे तुले घे, आन माह्या पोरीच्या मांगं लागलेलं काढून घे."

"सोड गाठ."

"सुमन!" मावशी ओरडली. "खबरदार. ओटीची गाठ वाटेत सोडतात काय कोनी? साऱ्यायच्या चालन्यावर पानी फिरवशीन तू!"

माय दोघींच्या मधे उभी. तिचे पाय फुटले होते, भेगांत माती भरली होती. मी तिला दुसरं काही विचारलं नाही. रागावलेही नाही. रागवायला मला माणूसच सापडेना. फक्त आमचा जुना प्रश्न विचारला.

"माय, खरं सांग. तुले ऐकू येते काय?"

 "नाई येत, वैशे. एकडावबी नाई आला. तू भेली होती ना वो, म्हनून म्हनलं."

आणि तिनं गाठ दातानं सोडली.

खण उघडला. नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि तांदळात रुतलेल्या माझ्या गोळ्यांच्या पट्ट्या, त्यांच्यावर कुंकवाची बोटं. तिनं पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली, नाव दाखवलं, माझ्यासमोर फोडली. तळहातावर गोळी ठेवली. या वेळी मी गोळीकडे पाहिलं. मग गिळली आणि वॉर्डातल्यासारखी जीभ वर करून सगळ्या माणसांना दाखवली.

कुणी उदो म्हणालं नाही. ओटी मोडणाऱ्या मायकडे लोक बघत होते. देवी अशी ओटी मोडू देत नाही, हे त्यांना पटलं असावं. माझ्या बोलण्यानं जे झालं नाही ते तिच्या दातांनी झालं.

कोमलच्या आईनं पदर पुढे केला. "मंग थ्यातली एक प्रसाद म्हनून…"

"नाही," मी म्हटलं. "हिची हिच्या डॉक्टरची. माझी माझ्या. एकीची दुसरीला देऊ नका." ती पोरीला घेऊन गेली. वळणावर कोमलनं मागे पाहून हात वर केला, शाळेत हजर म्हणताना करतात तसा.

घर

गड आम्ही पाहिला नाही. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या, मिळेल त्या गाडीनं परत या. मानोऱ्याहून एसटीनं निघालो. माय खिडकीशी, मांडीवर सुटलेली ओटी. भोंगा सारा रस्ता बसच्या मागे मागे येत होता. तो एकदम थांबत नाही. बरे व्हायला लागलेल्यांनी हे लक्षात ठेवावं आणि घाबरू नये. तो हळूहळू लांब जातो, एकेक गाव मागे पडावं तसा.

तुम्हाला, जे पेशंट आहात, एवढंच सांगते. गोळीकडे पाहून घ्या, देणारा हात कितीही लाडका असो. आणि जे घरचे आहेत त्यांना: आम्ही भ्यालो म्हणून आमच्याशी खोटं बोलू नका. आमच्याकडे तुमच्या "नाही"शिवाय धरायला दुसरं काही नसतं. नवस करायचाच तर आपलं मीठ सोडा, आपला चहा सोडा. दुसऱ्याची गोळी सोडू नका.

नवस फिटला नाही म्हणून माय अजून अनवाणी हिंडते. त्यावर मी वाद घालत नाही. पुढच्या नवरात्रात आम्ही परत निघू, गोळ्या माझ्या पिशवीत. गोकर्णामावशी आमच्याशी बोलत नाही; ओटी मोडली म्हणून तिच्या सुनेचं बाळंतपण अवघड गेलं, असं ती सांगते.

कोमलचा एकदा फोन आला, आईच्या मोबाईलवरून, चोरून. मायनं माझा नंबर तिच्या आईला कधी दिला ते मला माहीतही नव्हतं. "ताई, मास्तर हायेच," ती म्हणाली, "पन आता मांगच्या बाकावर बसते." मागून तिची आई विचारत होती, कुनाशी बोलून राह्यली, गोळी घेतली काय? ते ऐकायला मी बराच वेळ फोन धरून बसले.

मग मी सरांकडे गेले. म्हटलं, रेकॉर्डिंग माझ्याच आवाजात होईल आणि मजकूरही माझा. नाहीतर मी रिक्षाशिवाय ओरडत फिरेन. सर बरंच बोलले. मी जीभ जड नसल्याचा पुरेपूर फायदा घेतला.

परवा दुपारी अंगणात तूर पाखडत होते. बारा वाजले असतील. वेशीकडून आवाज आला.

"बंधू-भगिनींनो, मी वैशाली. मला नसलेले आवाज ऐकू येतात. मी रोज गोळी घेते."

सूप हातात तसंच राहिलं. रिक्षा आज निघणार होती की उद्या, मला आठवेना. 

"माय," मी हाक मारली, "तुले ऐकू येते काय?"

 पिठाचे हात पदराला पुसत माय बाहेर आली. अनवाणी पायांनी फाटकापर्यंत गेली, मान वाकडी करून कान दिला. पूर्ण वाक्य ऐकलं.

"येते," ती म्हणाली. "आन गोकर्णीले बी येऊन राह्यलं. थे पाह्य, दार लावून राह्यली."